कार्य

कार्य म्हणजे आमच्याकडं लग्न.
बारसं नव्हे, जावळ नव्हे, लग्नच.
त्यांच्यात कार्य हाय म्हटलं की
मजगावच्या आमच्या गल्लीत
सुपं घेऊन बायका तांदूळ निवडायला यायच्या.

म्हणून नववीत कणबरकर सरांनी फळ्यावर लिहिलं
कार्य बरोबर बल गुणिले विस्थापन,
तेव्हा मला आधी मांडवच दिसला
आणि बल नावाचा कुणी लांबचा पाहुणा.

सर म्हणाले, भिंत ढकला दिवसभर.
हलली नाही? कार्य शून्य.
डोक्यावर पोतं घेऊन सपाट रस्त्यानं
चाला देसूरपर्यंत.
वजन खाली ओढतंय, तुम्ही आडवे निघालात,
वजनाविरुद्ध कार्य शून्य.
वर्ग हसला.
मी हसले नाही.

आप्पा उद्यमबागेत फौंड्रीत होता.
वितळलेल्या लोखंडाचा लॅडल,
दांड्याच्या एका टोकाला तो, दुसऱ्याला बसलिंग.
एक म्हणायचा उचल, एक म्हणायचा एत्तू,
लॅडल एकदमच उठायचा.
मग भट्टीपासून साच्यापर्यंत चाळीस पावलं
सपाट,
अगदी सपाट,
कारण जरा वर-खाली झालं तर पायावर येतं.
अकरा वर्षं त्यांनी ते वर-खाली होऊ दिलं नव्हतं.

रात्री ताटावर सांगितलं त्याला,
आप्पा, तुझं कार्य शून्य आहे.
भाकरी मोडत म्हणाला,
"तुझ्या सरास्नी सांग, हजेरी अजून लावत्यात."
मग घास तसाच हातात धरून,
"वैजूचं कार्य तेवढं शून्य हाय बघ. करू की."
वैजूनं आमटीचं पातेलं
जरा जोरात खाली ठेवलं.

रविवारी शेड बंद होती. मला घेऊन गेला.
आढ्याला चेनकप्पी,
तिच्या आकड्यात इंजिनाचा ठोकळा, तीनशे किलो.
मी सदतीस.
"ओढ."
ओढली. काही नाही.
ओढली. साखळी नुसती करकरत
हातातून खाली, परत हातात, परत खाली.
पस्तीस विती मोजल्या,
तेव्हा ठोकळ्याच्या बुडाशी
एक वीत उजेड आला.

बाकीच्या चौतीस विती कुठं गेल्या?
"जात्यात कुठं. बळ कमी घातलीस,
साखळी जास्त घालायला लागली.
थोडं कप्पी खाती. तिला ग्रीस लागतंय."
बोटावरचं काळं त्यानं माझ्या फ्रॉकला न लावता
आपल्याच पँटला पुसलं.

पुढचा धडा शक्तीचा होता.
तेच कार्य, भागिले वेळ.
आप्पानं त्याच आठवड्यात भिशी धरली,
दर बुधवारी पन्नास रुपये, बसलिंगच्या बायकोकडं.
मी वहीच्या मागच्या पानावर आमच्या घराची शक्ती काढली.
चार वर्षं शेजेत.
उत्तर इतकं बारीक आलं
की दशांश चिन्हापुढं शून्यं लिहिताना ओळ संपली.
खोडून टाकलं.

वैजूचं कार्य झालं, वैशाखात, गल्लीतच.
भाताचा हंडा बांबूला अडकवून
आप्पा आणि बसलिंग चुलवणापासून पंगतीपर्यंत आले
त्याच चालीनं,
चाळीस नसतील, पंचवीस पावलं,
वर-खाली काही नाही.
कणबरकर सर तिसऱ्या पंगतीत, द्रोण हातात.
आप्पानं हंडा टेकला नाही. खांद्यावर तसाच धरून
म्हणाला, "काय सर, किती झालं?"

सरांनी वर बघितलं.
बांबू मधोमध वाकला होता.
मागून बसलिंग विचारत होता, एनू? एनू म्हणतोय?
सर म्हणाले, "आधी वाढा हो, गार होतंय,"
आणि कोशिंबीर बोटानं बाजूला सारून
पानात भाताला जागा केली,
नेहमीपेक्षा जरा मोठीच.